अपोज्ड पिस्टन टू स्ट्रोक की टर्बो डिझेल: तुलना करताना नेमकं कुठे बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की एका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन असलेलं नवीन डिझाइनचं टू स्ट्रोक डिझेल इंजिन नेहमीच्या फोर स्ट्रोक टर्बो डिझेलपेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी इंधन खातं, वजनाला हलकं आहे, पार्टही कमी आहेत असा दावा केला जातो, आणि हे जर खरं असेल तर सगळ्यांनी एव्हाना तेच का बनवायला घेतलं नाही? मी बरीच वर्षं डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर आणि ओव्हरहॉलच्या टेबलावर काढली आहेत, दोन्ही प्रकारची इंजिनं उघडून बघितली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधीच सांगून टाकतो की उष्णतेच्या हिशोबाने या डिझाइनचा फायदा खरा आहे, तो कुणी कागदावर रचलेला नाही. पण तो फायदा सिलिंडरमधून निघून फ्लायव्हीलपर्यंत येईतो किती शिल्लक राहतो हे दोन गोष्टींवर ठरतं, इंजिनात हवा कशी भरता आणि पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (ज्या नळीत पिस्टन फिरतो ती) किती टिकतात, आणि माहितीपत्रकात याच दोन गोष्टी सापडत नाहीत.

पंचवीस टक्क्यांचा आकडा आधी तपासू, कारण त्याला कॅलक्युलेटर पुरतो. डिझेलची उष्णता किलोला साधारण ४२.७ मेगाज्यूल धरली तर १०० टक्के कार्यक्षमतेच्या इंजिनाला एका किलोवॅट-तासाला ८४ ग्रॅम डिझेल लागेल, म्हणजे ४३ टक्के कार्यक्षमता म्हणजे १९६ ग्रॅम, ४६ टक्के म्हणजे १८३ ग्रॅम आणि ५० टक्के म्हणजे १६९ ग्रॅम. आजचं चांगलं हेवी ड्यूटी टर्बो डिझेल सगळ्यात गोड पॉइंटला १८०-१९० ग्रॅमच्या घरात चालतं. १९० मधून पंचवीस टक्के काढा, १४२ ग्रॅम येतात, म्हणजे ५९ टक्के कार्यक्षमता झाली. शंभरच्या आसपास आरपीएमवर फिरणारी जहाजाची अजस्त्र इंजिनं पन्नासच्या थोडी वर जातात, त्यामुळे ट्रकच्या आकाराचं इंजिन ५९ ला पोचेल यावर माझा विश्वास नाही. मग दावा करणारा खोटं बोलतो का, तर तसंही नसतं बहुतेक वेळा, तो तुलना जुन्या इंजिनाशी करत असतो किंवा पार्ट लोडवर, म्हणजे पूर्ण ताकदीपेक्षा कमी भारावर, करत असतो, आणि पार्ट लोडवर या इंजिनाचा फायदा खरंच जास्त दिसतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की कुठल्या इंजिनाशी, किती लोडला, कुठल्या एमिशन नियमात.

आता डिझाइन. टू स्ट्रोक म्हटलं की पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी, निळा धूर सोडणारी दुचाकी डोळ्यासमोर येते, ती आधी बाजूला ठेवा. इथे क्रँककेसमधून हवा ढकलत नाहीत, हवा बाहेरच्या ब्लोअरमधून किंवा टर्बोमधून येते, आणि डिझेल पोर्ट बंद झाल्यावर सोडतात, त्यामुळे कच्चं इंधन एक्झॉस्टमधून वाहून जाण्याचा प्रश्नच नाही. लांब लायनर, दोन टोकांनी दोन पिस्टन आत येतात, मध्ये जळण होतं आणि दोन्ही एकदम मागे ढकलले जातात. लायनरच्या एका टोकाला इनटेकच्या खिडक्या, दुसऱ्या टोकाला एक्झॉस्टच्या. पिस्टनच त्या उघडतो आणि बंद करतो, म्हणून हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, आणि हेड गॅस्केटही नाही. हवा एका बाजूने शिरते आणि जळका वायू पुढे ढकलत दुसऱ्या बाजूने निघते, याला युनिफ्लो म्हणतात आणि टू स्ट्रोकमधली सगळ्यात चांगली झाडलोट, म्हणजे जळका वायू काढून ताजी हवा भरणं, हीच.

पण याला नवीन म्हणताना जरा जपून. युंकर्सचं युमो २०५ हे विमानाचं डिझेल १९३० च्या दशकातलं, सहा सिलिंडर बारा पिस्टन, १०५ मि.मी. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि प्रत्येक पिस्टनला १६० मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव), एकूण १६.६ लिटर. ब्रिटनमध्ये रूट्सचं टीएस३ होतं, १९५४ साली कॉमरच्या ट्रकमध्ये आलं, तीन सिलिंडर, सहा पिस्टन, साधारण ३.३ लिटर, १०५ हॉर्सपॉवर, आणि त्याला एकच क्रँक, पिस्टनचा जोर मोठ्या रॉकरमधून खाली आणलेला. नेपियर डेल्टिक तर त्रिकोणात बसवलेलं, १८ सिलिंडर ३६ पिस्टन तीन क्रँकशाफ्ट, आधी नौदलाच्या वेगवान बोटींत आणि नंतर ब्रिटिश रेल्वेच्या क्लास ५५ लोकोमोटिव्हमध्ये. अमेरिकेत फेअरबँक्स-मोर्सचं इंजिन दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांत होतं आणि नंतर अणुवीज केंद्रांच्या इमर्जन्सी जनरेटरवर गेलं. सोव्हिएत टी-६४ रणगाड्यातही याच जातीचं ५टीडीएफ. म्हणजे कल्पना जुनी आणि सिद्ध झालेली. नवीन काय आहे तर कॉमन रेल इंजेक्शन (मोठ्या दाबाने, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलने डिझेल सोडणारं), हवेच्या आणि जळणाच्या प्रवाहाचं कॉम्प्युटर सिम्युलेशन, चांगल्या पिस्टन-रिंगा, आणि इलेक्ट्रिक मदत घेणारा टर्बो. याच जोरावर अमेरिकेतल्या अकाटीस पॉवर कंपनीने १०.६ लिटरचं तीन सिलिंडर इंजिन ट्रकमध्ये बसवून रस्त्यावर चालवलं आणि कमिन्सने अमेरिकन लष्करासाठी हजार हॉर्सपॉवरचं इंजिन तयार केलं. इकोमोटर्स नावाच्या कंपनीचं ओपीओसी डिझाइनही याच घरातलं, २०१० मध्ये बिल गेट्सनी त्यात पैसे घातले म्हणून खूप गाजलं, पण ते बाजारात आलं नाही.

या यादीतली युमोची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. तेच इंजिन डॉर्नियरच्या लांब पल्ल्याच्या उडत्या बोटींवर, जिथे तासन् तास एकाच लोडला चालायचं, तिथे छान चाललं, आणि युंकर्स ८६ या बॉम्बरवर, जिथे वैमानिक थ्रॉटल सारखा वर-खाली करतो, तिथे त्याच्या तक्रारी आल्या. हा फरक आजही तसाच आहे.

फायदा येतो कुठून हे एका गणितात दिसतं. १०० मि.मी. बोअर, १०० मि.मी. स्ट्रोक, कॉम्प्रेशन रेशो १६, पिस्टनचं डोकं सपाट धरू. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर आल्यावर ५२ सीसी जागा उरते आणि तिच्याभोवती हेड, पिस्टन आणि लायनर मिळून १७८ चौरस सेंटिमीटर धातू असतो. आता तोच बोअर ठेवून समोरासमोर दोन पिस्टन घ्या, जागा १०५ सीसी होते, धातू मात्र १९९ चौरस सेंटिमीटर. म्हणजे जळणारा वायू दुप्पट झाला आणि उष्णता चोरणारा धातू जेमतेम बारा टक्के वाढला. सीसीमागे ३.४ चौरस सेंटिमीटरवरून १.९ वर आलो. खऱ्या इंजिनात पिस्टनमध्ये वाटी असते, वायू घुसळत असतो, आकडे बदलतात, पण दिशा हीच. शिवाय जे हेड गेलं ते मुळात पाण्याने सतत थंड ठेवलेलं असायचं, त्यामुळे रेडिएटरला जाणारी उष्णता खरोखर कमी होते, ही टेस्ट बेडवर कूलंटच्या तापमानात दिसणारी गोष्ट आहे.

दुसरा फायदा टॉर्कचा. १३ लिटरच्या फोर स्ट्रोकला २५०० न्यूटन-मीटर काढायचे तर सरासरी दाब, ज्याला आम्ही बीएमईपी म्हणतो, तो २४ बारच्या वर जातो, कारण दर दोन फेऱ्यांत एकदाच जोर मिळतो. टू स्ट्रोकला दर फेरीला मिळतो, म्हणून १० लिटरमध्ये तेवढाच टॉर्क १६ बारच्या आत निघतो. प्रत्येक जळणात डिझेल कमी पडतं, हवेच्या मानाने मिश्रण पातळ राहतं, जळण लवकर उरकतं. टू स्ट्रोकला दुप्पट पॉवर मिळते असं जे सर्रास म्हणतात ते मात्र विसरा, खिडक्यांमुळे स्ट्रोकचा बराच भाग वाया जातो आणि उष्णता झेपत नाही म्हणून बीएमईपी मुद्दाम कमी ठेवावा लागतो, हाताशी येतं ते दीडपट किंवा त्याच्या आसपास.

आता खर्चाची बाजू, आणि इथे मी जास्त वेळ घालवणार आहे कारण घोडं इथेच अडतं.

फोर स्ट्रोक स्वतःची हवा स्वतः ओढतं, जळका वायू स्वतः ढकलतं, त्यासाठी दोन अख्खे स्ट्रोक राखून ठेवलेले आहेत. टू स्ट्रोकला श्वास घेण्यासाठी क्रँकच्या थोड्याशा अंशांचा वेळ मिळतो आणि हवा आत जायची तर इनटेकचा दाब एक्झॉस्टपेक्षा कायम जास्त असावा लागतो, स्टार्टिंगला, आयडलिंगला, फुल लोडला, प्रत्येक वेळी. नुसता टर्बो लावून हे जमत नाही, कारण सुरुवातीला टर्बो फिरायला एक्झॉस्ट नसतो आणि एक्झॉस्ट यायला हवा नसते. म्हणून क्रँकवरून चालणारा ब्लोअर लागतो किंवा टर्बोला इलेक्ट्रिक मोटर जोडावी लागते. जहाजांच्या मोठ्या टू स्ट्रोक इंजिनांनासुद्धा कमी लोडला इलेक्ट्रिक ऑक्झिलरी ब्लोअर चालू ठेवावे लागतात. ब्लोअर पॉवर खातो. वर आणखी एक गोष्ट, झाडलोट करणारी थोडी ताजी हवा सरळ एक्झॉस्टमध्ये निघून जाते, त्यामुळे एक्झॉस्ट गार होतो आणि टर्बाइनला जोर कमी मिळतो, म्हणजे जिथे जास्त हवा हवी तिथेच टर्बो दुबळा पडतो. टर्बो आणि ब्लोअर दोन्ही नीट मॅच केले तर हे सुटतं, पण हे मॅचिंग फोर स्ट्रोकपेक्षा कितीतरी नाजूक आहे.

माझ्या स्वतःच्या कामातला प्रसंग सांगतो. एका सिलिंडरच्या प्रायोगिक इंजिनाचे आकडे आमच्या टीमसमोर आले, इंधनाचा आकडा बघून सगळे खूश, मी पण खूश. मग टेस्ट सेटअपची शीट मागवली तर इंजिनाला हवा शॉपमधल्या मोठ्या कॉम्प्रेसरवरून दिलेली होती, दाब-तापमान एकदम स्थिर, आणि त्या हवेसाठी लागलेली पॉवर हिशोबात नव्हतीच. यात लबाडी नव्हती, सिंगल सिलिंडरची टेस्ट अशीच करतात आणि रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलंही होतं, पण पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये ती ओळ गळली. ब्लोअरची पॉवर वजा केल्यावर फायदा जवळपास निम्म्यावर आला. तो निम्मा फायदासुद्धा चांगलाच होता, पण तेव्हापासून मी कुठलाही आकडा बघितला की आधी विचारतो, हवा कुणी दिली.

दुसरा भाग रिंगा आणि लायनर, आणि माझ्या मते सगळी तुलना शेवटी इथे येऊन ठरते. फोर स्ट्रोकमध्ये रिंग गुळगुळीत, होन केलेल्या भिंतीवर फिरते. इथे तिला दर फेरीला खिडक्यांवरून जावं लागतं, खिडकीच्या मोकळ्या जागेत रिंग किंचित बाहेर फुगते आणि पुढच्या कडेला आपटते, म्हणून खिडक्यांच्या कडा गोलसर कराव्या लागतात आणि मधल्या पट्ट्या पुरेशा रुंद ठेवाव्या लागतात. पट्ट्या रुंद केल्या की हवेची वाट कमी होते, अरुंद ठेवल्या की एक्झॉस्टच्या बाजूला त्या तापून आत वाकतात आणि पिस्टनला घासतात. लायनरचं एक टोक ताज्या हवेने गार, दुसरं एक्झॉस्टने तापलेलं, म्हणजे एकच नळी पण दोन टोकांना वेगळा बोअर. मी उघडलेल्या अशा इंजिनांत पहिली खूण एक्झॉस्टच्या पट्ट्यांवरच दिसली आहे, उभे ओरखडे आणि त्यात काळपट वार्निशसारखा थर. ब्रिटिश चीफटन रणगाड्याचं लेलँड एल६० हे इंजिन वर्षानुवर्षं बदनाम राहिलं, त्यात लायनरच्या भागातल्या गळत्यांचा मोठा हात होता, आणि ते बनवणारे लोक काही कमी हुशार नव्हते.

त्यातच ऑइलचा प्रश्न. रिंगेला ऑइल पाहिजे, पण रिंग खिडकीवरून जाते तेव्हा त्यातलं थोडं ऑइल खिडकीत पडतं आणि एक्झॉस्टमधून निघून जातं. पूर्वी याचं कुणाला काही वाटत नव्हतं, आता एक्झॉस्टला पार्टिक्युलेट फिल्टर (काजळी अडवणारा) आहे आणि ऑइलमधली राख त्यात कायमची साठते, ती जाळून जात नाही. जहाजाच्या इंजिनात क्रॉसहेड (पिस्टनरॉड आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामधला सरकता सांधा) असतो, सिलिंडरचं ऑइल वेगळं आणि क्रँककेसचं वेगळं, म्हणून त्यांचं भागतं. ट्रकच्या आकारात क्रॉसहेडला जागा नाही, सगळा भार रिंगांच्या डिझाइनवर आणि होनिंगच्या पॅटर्नवर. यात खरोखर मोठी प्रगती झालेली आहे हे मान्य, पण ती नवीन इंजिनावर मोजून चालत नाही, पाच-दहा हजार तास झालेल्या इंजिनावर मोजावी लागते.

गजन पिनचा, म्हणजे पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनचा, मुद्दा फार कमी लोक काढतात म्हणून मुद्दाम लिहितो. फोर स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट आणि सक्शनच्या वेळी पिस्टनवर दाब नसतो, पिन बुशमध्ये किंचित उचलली जाते आणि त्या फटीत ऑइल शिरतं. टू स्ट्रोकमध्ये पिस्टनवर जवळजवळ कायम खालीच जोर, पिन एकाच बाजूला दाबून बसलेली, ऑइल जाणार कुठून? म्हणून ईएमडी या अमेरिकन कंपनीच्या लोकोमोटिव्ह इंजिनांत रॉकिंग पिन वापरतात, म्हणजे बेअरिंगचे दोन थोडे सरकवलेले अक्ष, रॉड डोलला की कधी एका भागावर भार आणि दुसरा मोकळा, कधी उलट, आणि मोकळ्या भागात ऑइल भरतं. नव्या अपोज्ड पिस्टन इंजिनांतही याच धर्तीची पिन असते. चालतं उत्तम, पण मशिनिंगची किंमत लागते, त्यामुळे पार्ट कमी म्हणजे इंजिन स्वस्त हा हिशोब इतका सरळ नाही. पिस्टनला दर फेरीला आग, विश्रांतीची फेरी नाही, म्हणून त्याला आतून ऑइलचे जोरदार फवारे पाहिजेत. दोन क्रँक जोडायला गिअर ट्रेन पाहिजे. आणि एक्झॉस्टची खिडकी आधी उघडावी म्हणून तिकडचा क्रँक काही अंश पुढे ठेवतात, त्यामुळे त्या क्रँकवर भार जास्त येतो, गिअरवर सतत ताण. इंजेक्टरही वरून मध्यभागी बसवता येत नाही, लायनरच्या बाजूने समोरासमोर दोन, आणि फवारा समोरच्या भिंतीला न लागता पसरवायचा हे वेगळंच काम.

एमिशनच्या बाबतीत मात्र या इंजिनाला एक चांगली सोय आहे. झाडलोट मुद्दाम कमी केली की जळका वायू आतच राहतो, वेगळा ईजीआर (जळका वायू परत आत सोडणं) कमी लागतो, आणि थंड स्टार्टला एक्झॉस्ट गरम ठेवून कॅटॅलिस्ट लवकर तापवता येतो, जे फोर स्ट्रोकला जास्त डिझेल जाळून करावं लागतं. डेट्रॉइट डिझेलची जुनी व्हॉल्व्हवाली टू स्ट्रोक एमिशन नियमांपुढे टिकली नाहीत म्हणून सगळी टू स्ट्रोक घाण असं समजायचं कारण नाही, त्या काळी कॉमन रेल नव्हतं आणि हवेवर असा कंट्रोलही नव्हता.

पण समोरचा खेळाडू थांबलेला नाही. फोर स्ट्रोक टर्बो डिझेलला जगभरातल्या कारखान्यांचा अनुभव मागे आहे, कॉमन रेलचा दाब २००० ते २५०० बार, सिलिंडरमधला दाब २०० बारच्या पुढे, आणि चीनच्या वायचाय कंपनीने २०२० मध्ये ५०.२३ टक्के ब्रेक थर्मल (म्हणजे फ्लायव्हीलवर मोजलेल्या) कार्यक्षमतेचं हेवी ड्यूटी डिझेल जाहीर केलं, नंतर ते त्याच्याही वर गेले. हे आकडे बेस्ट पॉइंटचे आहेत आणि रोजच्या वापरात तेवढे मिळत नाहीत हे इथेही लागू, पण नवीन डिझाइनची तुलना आता याच्याशी करावी लागते. उताराच्या रस्त्यावर लागणारा कॉम्प्रेशन ब्रेक (इंजिनानेच गाडी आवरणं) फोर स्ट्रोकला व्हॉल्व्हमधून सहज मिळतो, इथे व्हॉल्व्हच नाही, वेगळी सोय करावी लागते. आणि हेड काढून व्हॉल्व्ह ग्राइंड करणारा मेकॅनिक कुठेही सापडतो, पोर्ट असलेल्या लायनरचा मेकॅनिक शोधावा लागतो.

मला निवडायचं असेल तर एकाच लोडला तासन् तास चालणारा जनरेटर, बोट, पंप, किंवा हायब्रिडमधलं फक्त बॅटरी चार्ज करणारं इंजिन, इथे मी अपोज्ड पिस्टनला मनापासून संधी देईन. रणगाड्यासारखं जिथे रेडिएटर लहान ठेवायचाय तिथे तर कमी कूलिंग हा सगळ्यात मोठा फायदा. सारखं थांबा-निघा करणाऱ्या गाडीसाठी आज तरी चांगलं फोर स्ट्रोकच घेईन, टर्बोला इलेक्ट्रिक मदत सर्रास झाली की मत बदलेन.

तोवर कुणी आकडे दाखवले तर एकच पॉइंट बघू नका, लोड आणि आरपीएमचा पूर्ण मॅप मागा, त्यात ब्लोअर, ऑइल पंप, पाण्याचा पंप धरलेत का विचारा, ऑइल किती खातं ते डिझेलच्या टक्क्यात मागा आणि किती तास चाललेल्या इंजिनावर मोजलं तेही. आणि लायनर उघडून दाखवणार असतील तर आधी टॉर्च एक्झॉस्टच्या खिडक्यांमधल्या पट्ट्यांवर मारा, इनटेकची बाजू नंतर बघितली तरी चालेल.